मदत हवी आहे : १२ व्होल्टच्या दिव्याचा रोध नक्की कोणता धरायचा?

नमस्कार मंडळी,

मुलीला ओहमचा नियम (व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, आणि तो कायम राहतो) शिकवतोय. नुसतं सूत्र घोकून घेण्यापेक्षा हाताने मोजून दाखवावं म्हणून फिलामेंटचा एक छोटा दिवा (वर १२ व्होल्ट, ५ वॅट लिहिलंय), ४७ ओहमचा एक रेझिस्टर, व्होल्टेज कमीजास्त करता येणारा डीसी सप्लाय आणि दोन मल्टिमीटर घेऊन बसलो. दोन दिवस झाले, आकडे काही जुळत नाहीत आणि तिला काय सांगावं ते कळत नाही.

आधी रेझिस्टर जोडला. ३ व्होल्टला करंट ०.०६४ अँपिअर, ६ व्होल्टला ०.१२८. व्होल्टेजला करंटने भागलं की दोन्ही वेळा ४६.९ ओहम. गुणाकार केला तर शक्ती ०.१९ वॅट आणि ०.७७ वॅट, म्हणजे व्होल्टेज दुप्पट, शक्ती चौपट. इथवर ती खूश होती. फक्त ६ व्होल्टला रेझिस्टर इतका तापला की करपल्याचा वास सुटला, म्हणून पटकन बंद केलं.

मग दिवा :

३ व्होल्ट, ०.२० अँपिअर : १५ ओहम, ०.६ वॅट
६ व्होल्ट, ०.२९ अँपिअर : २०.७ ओहम, १.७४ वॅट
१२ व्होल्ट, ०.४२ अँपिअर : २८.६ ओहम, ५.०४ वॅट

रोध दर वेळी वेगळा! शक्तीही ६ वरून १२ व्होल्टला जाताना चौपट होत नाही, तिपटीला जेमतेम पोचते. शेवटी दिवा काढून मल्टिमीटरने थेट रोध मोजला, तर २.६ ओहम. तो धरून १२ चा वर्ग भागिले २.६ केलं की ५५ वॅट येतात. मग खरा रोध कोणता? माझं मोजण्यात चुकतंय का? करंटचा मीटर एकसर आणि व्होल्टेजचा दिव्याला समांतर जोडला होता.

प्रतिसाद १

दादा, तुमची जोडणी बरोबर आहे आणि सगळे आकडेही खरे आहेत. ओहमच्या नियमात एक अट असते, ती सूत्र पाठ करताना सुटून जाते : तारेचं तापमान आणि बाकीची भौतिक अवस्था कायम राहिली पाहिजे. तुमच्या रेझिस्टरचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. दिव्यातली तार टंगस्टनची. ती पेटते तेव्हा तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं, आतले अणू जोरात थरथरू लागतात, इलेक्ट्रॉनांची वाट अडते आणि रोध थंड तारेच्या दहापट किंवा त्याहून जास्त होतो. मल्टिमीटर रोध मोजताना अगदी थोडा करंट सोडतो, त्याने तार तापतच नाही. म्हणून २.६.

भागाकाराने मिळतो तो त्या क्षणाचा रोध. शक्ती हवी असेल तर व्होल्टेज आणि करंटचा सरळ गुणाकार करा, त्यात फसायला जागाच नाही. वर्ग करून भागायचंच असेल तर रोध त्याच क्षणाचा घ्या : १४४ भागिले २८.६, आले ५.०३ वॅट. तुम्ही पेटलेल्या दिव्याचं व्होल्टेज घेतलंत आणि विझलेल्या दिव्याचा रोध. ५५ वॅट आले ते त्यामुळे. चौपटीचंही तेच : व्होल्टेज वाढलं तसा रोधही वाढला, म्हणून करंट दुप्पट झालाच नाही.

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात भर. एवढा कमी रोध मोजताना मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून बघा. जो आकडा दिसेल तो वायरींचा, तो वजा करा.

आणि त्या वासाकडे दुर्लक्ष करू नका. रेझिस्टर बहुतेक पाव वॅटचा असणार. त्यावर ०.७७ वॅट म्हणजे क्षमतेच्या तिप्पट. ४७ ओहम, पाव वॅट असेल तर ३.४ व्होल्टच्या पुढे जायचंच नाही. १२ व्होल्टपर्यंत न्यायचं असेल तर ३ वॅटच्या किंचित वर शक्ती जिरवावी लागेल, ५ वॅटचा वायरवाउंड (तार गुंडाळून केलेला, जास्त शक्ती झेलणारा) रेझिस्टर घ्या. तोही चांगलाच तापतो, मुलीला हात लावू देऊ नका. करपलेला रेझिस्टर परत वापरू नका, त्याचा रोध आता भरवशाचा नाही.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. पिना टेकवल्यावर ०.३ दिसले, म्हणजे थंड रोध २.३ ओहम. मुलीने लगेच विचारलं, "मग चालू करताक्षणी १२ भागिले २.३, म्हणजे ५ अँपिअर जातात का?" मीटरवर तर तसं काही दिसलं नाही. तिचं बरोबर आहे का?

प्रतिसाद १

अगदी बरोबर, तिला शाबासकी द्या. सप्लाय तेवढा देऊ शकत असेल तर करंट क्षणभर त्या आकड्याच्या जवळ जातो, आणि तार तापली की झपाट्याने खाली येतो. जुने दिवे बरेचदा बटण दाबतानाच जातात, त्यात या झटक्याचा मोठा हात असतो. तुमच्या सप्लायला १ अँपिअरची मर्यादा लावलेली असेल तर मात्र तो त्यापुढे जाणारच नाही, दिवा फक्त थोडा सावकाश पेटेल.

मल्टिमीटरचा आकडा बदलेपर्यंत हा क्षण निघून जातो, त्यासाठी ऑसिलोस्कोप (क्षणाक्षणाला बदलणारं व्होल्टेज पडद्यावर आलेखासारखं दाखवणारं यंत्र) लागतो. मिळाला तर दिव्याशी एकसर ०.१ ओहमचा रोध जोडा आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघा. ५ अँपिअर गेले तर तिथे ०.५ व्होल्टचं टोक दिसेल, आणि दिवा नीट पेटला की ते ०.०४ वर उतरेल.