मोटरहोमच्या मागे स्वतःची मोटार जोडून नेणे कितपत सुरक्षित आहे?

प्रश्न : गोदाकाठचा प्रवासी (गंगापूर रोड, नाशिक)

सर्वांना नमस्कार. लहान बसच्या चॅसीवर बांधलेले आणि रीतसर नोंदणी झालेले मोटरहोम आम्ही कुटुंबासाठी घेतले आहे. सामान, पाण्याच्या टाक्या आणि माणसे धरून वजनकाट्यावर ते साडेतीन टनांच्या थोडे खाली भरते. गाडी उत्तम आहे. अडचण मुक्कामाला पोहोचल्यानंतर सुरू होते. सापुताऱ्याला किंवा कोकणात एकदा गाडी सपाट जागा पाहून उभी केली, छत्री उघडली, गॅस जोडला, की नंतर भाजी आणायला किंवा देवदर्शनाला जायचे झाले तरी सगळा पसारा आवरावा लागतो, आणि एवढे करूनही किनाऱ्याजवळच्या गल्ल्यांमध्ये ही गाडी वळत नाही ती नाहीच.

परदेशातील लोक मोटरहोमच्या मागे लहान मोटार चारही चाकांवर ओढत नेतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आमच्याकडे साडेसातशे किलोच्या आसपास वजनाची, हाताने गिअर बदलण्याची एक जुनी अल्टो आहे आणि सौभाग्यवतींची एक ऑटोमॅटिक मोटार आहे. अंबडमधील एक फॅब्रिकेटर लोखंडी त्रिकोणी दांडा तयार करून अल्टोच्या पुढच्या बाजूला वेल्डिंगने बसवून देण्यास आणि मोटरहोमला मागे हुक लावून देण्यास तयार आहेत. दांडा दहा टन ओढेल, असे ते म्हणतात.

काम सांगण्यापूर्वी तीन गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत. अशा रीतीने नेल्यास मागच्या मोटारीच्या गिअरबॉक्सचे नुकसान होते का? कसारा घाट उतरताना ब्रेकवर किती ताण येईल? आणि परिवहन कार्यालयाची किंवा वाहतूक पोलिसांची याला हरकत असते का?

उत्तर १ : नियमावली (कॉलेज रोड, नाशिक)

आपण तिसरा म्हणून विचारलेला प्रश्न पहिला समजावा, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे दोन अवलंबून आहेत.

आपल्याकडे टोचन करण्याला परवानगी आहे ती मुख्यतः अडचणीच्या प्रसंगासाठी. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते की यांत्रिक बिघाड झालेले वाहन, जुळणी अपूर्ण असलेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर किंवा साइडकार यांखेरीज दुसरे कोणतेही वाहन मोटार वाहनाने ओढून नेऊ नये. सवलत होती ती वाहन पोहोचते करण्यासाठी आणि जवळच्या पेट्रोलपंपापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेण्यासाठी. ओढल्या जाणाऱ्या मोटारीत चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला असावा, नाहीतर तिची पुढची, म्हणजे वळणारी, चाके रस्त्यापासून उचलून पक्की धरलेली असावीत. दोन वाहनांमधील अंतर पाच मीटरांपेक्षा जास्त नसावे. मागच्या वाहनावर ते टोचनावर असल्याची ठळक पाटी असावी. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये, अशा अटीही त्यात होत्या. २०१७ मध्ये या नियमांच्या जागी नवी नियमावली आली. तिचा मजकूर परिवहन कार्यालयात बसून आपण स्वतः वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मात्र धडधाकट मोटार सहलीसाठी मागे बांधून न्यायची मोकळीक तिच्यात मिळेल, या भरवशावर दांडा बनवायला टाकू नये.

आता हे सारे आपल्या बेताला लावून पाहावे. आपली अल्टो बिघडलेली नाही आणि गॅरेजलाही चाललेली नाही, म्हणजे मूळ अटीतच ती बसत नाही. एक वेळ बसली असे धरले, तरी तिच्यात माणूस बसवावा लागेल. आणि माणूस बसवायचाच असेल, तर त्याने ती सरळ चालवत आणलेली काय वाईट? शिवाय मुंबई-आग्रा महामार्गावर, जिथे मागून भरलेले ट्रक आणि एस.टी. बस वेगाने येत असतात, तिथे ताशी चोवीसने सरकणारी जोडगाडी हाच मोठा धोका ठरेल.

शिल्लक राहतो तो नोंदणीकृत ट्रेलर. मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याला स्वतःची नोंदणी, क्रमांकाची पाटी, मागचे दिवे आणि विमा लागतो. शेतातली ट्रॉली असते तशी एखादी वेल्ड करून घेतली आणि जोडली, असे ते होत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, म्हणून हुक बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. अपघात झाल्यानंतर सर्वेक्षक सर्वांत आधी त्या वेल्डिंगकडेच पाहील.

उत्तर २ : सातपूर निवृत्त (सातपूर, नाशिक)

माझी नोकरी वाहनांच्या ब्रेक आणि सस्पेन्शनच्या चाचण्यांमध्ये गेली, त्यामुळे वरील कायदेशीर उत्तराशी सहमत होऊन केवळ यांत्रिक बाजू सांगतो.

पहिल्यांदा दांड्याविषयी. दांडा दहा टन ओढेल, हे फॅब्रिकेटरचे म्हणणे खरे असेलही; पण तो ज्याला वेल्ड करणार आहेत ते काय आहे, हा खरा प्रश्न आहे. अल्टोला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. पत्र्याचे भाग जोडून तयार झालेला सांगाडा हाच तिचा कणा असतो. पुढचा बंपर प्लास्टिकचा असतो आणि मोटारीबरोबर मिळणारी टोचनाची कडी बंद पडलेली गाडी हळूहळू सरळ रेषेत ओढण्यापुरतीच असते. लांबच्या प्रवासात मात्र ओढणे, ढकलणे आणि वळणावरचा आडवा झटका हे तिन्ही भार आलटून पालटून हजारो वेळा येतात. अशा वेळी पातळ पत्र्यावरचे वेल्डिंग एका दिवसात तुटत नाही. कडेला केसाएवढी चीर पडते, रंगाखाली ती दिसत नाही आणि एखाद्या खड्ड्यात सांधा सुटतो. जिथे हा प्रकार रूढ आहे, तिथे त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेली पट्टी मोटारीच्या पुढच्या दोन्ही मुख्य कण्यांना बोल्टने आवळतात, ती याच कारणासाठी.

आता घाट. जोरात ब्रेक दाबला आणि वेग दर सेकंदाला ताशी अठरा किलोमीटरने कमी होऊ लागला, तर ब्रेक नसलेली साडेसातशे किलोची मोटार मोटरहोमला मागून पावणेचारशे किलोच्या जोराने ढकलते. रस्ता सरळ असला तर थांबण्याचे अंतर वाढते एवढेच; पण गाडी वळणात असेल तर हाच जोर तिरका लागतो आणि मोटरहोमची मागची चाके बाहेर सरकवू पाहतो. आपल्या गाडीचा मागच्या ॲक्सलपासून मागे निघालेला भाग लांब असणार, त्यामुळे हुकाला लागणारा आडवा धक्का तरफेसारखा वाढून पुढे पोहोचतो. उष्णतेचा हिशेबही करून पाहावा: ही मोटार शंभर मीटर उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते, तेवढ्यात सव्वादोन लिटर पाणी उकळीला येईल. कसारा घाटाचा उतार याच्या काही पट आहे, आणि ही उष्णता मोटरहोमच्या स्वतःच्या साडेतीन टनांच्या उष्णतेवर चढते. ब्रेकचे तेल जुने असेल, त्यात ओलावा शिरलेला असेल, तर तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली थेट तळाला जाते. म्हणून मागे काही जोडलेले असो वा नसो, घाटाच्या डोक्यावरच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरावी. अर्ध्या उतारावर पोहोचल्यानंतर ती आठवण होऊन उपयोग नसतो.

गिअरबॉक्सचे उत्तर मोटारीगणिक बदलते. पुढच्या चाकांना जोर असलेल्या, हाताने गिअर बदलायच्या मोटारीत न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर डिफरन्शियलचे मोठे चक्र फिरते आणि तेल उडवत राहते, त्यामुळे तिचे बहुधा निभावते. मागच्या चाकांना जोर असलेल्या अनेक मोटारींत तेल उडवणारा दंड इंजिनाकडून फिरतो. इंजिन बंद असले की तो थांबतो आणि वरची बेअरिंग कोरडी पडतात. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंपच इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद ठेवून तिची जोराची चाके फिरवणे म्हणजे तेलाविना गिअरबॉक्स चालवणे होय. सीव्हीटीलाही, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर सलग वेग बदलणाऱ्या ऑटोमॅटिकलाही, हेच लागू आहे. सौभाग्यवतींची मोटार एएमटी असेल, तर तिचा गिअरबॉक्स मुळात हाताच्या गिअरचाच असतो आणि क्लच व गिअर यंत्राने हलवले जातात. पण ती गिअरमध्ये असताना बंद केली तर गिअरमध्येच राहते, हे ध्यानात ठेवावे. कोणतीही मोटार असली तरी मालक-पुस्तिकेतील टोचनाचे पान हाच शेवटचा शब्द मानावा.

उत्तर ३ : मूळ नाशिकरोडचा (सध्या मुक्काम ॲरिझोना)

दादा, तुम्ही जे पाहिले आहे ते आमच्याकडे रोजचे आहे, म्हणून त्यामागे काय काय असते ते लिहितो; केवळ दांडा पाहून त्याचा अंदाज येत नाही.

इथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात मागे काहीही ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा आहे. मागच्या मोटारीत माणूस बसवत नाहीत. त्याऐवजी तिच्यात ब्रेकचे पेडल दाबणारे स्वतंत्र यंत्र बसवतात, जे मोटरहोमने ब्रेक लावला की मागेही ब्रेक लावते. इंजिन बंद असल्याने मागच्या मोटारीच्या ब्रेकला इंजिनाच्या शोषणातून मिळणारी निर्वाताची मदत मिळत नाही, म्हणून त्या यंत्राला पेडल बऱ्याच जोराने दाबावे लागते. त्याखेरीज एक बारीक पोलादी तार असते. दांडा तुटून मोटार सुटलीच, तर त्या तारेने खिट्टी निघते आणि मागचे ब्रेक आपोआप लागतात. या यंत्राशिवाय निघू नये, असे माझे ठाम मत आहे, मग राज्याच्या कायद्यात वजनाची मर्यादा काहीही असो.

जोडणीचा क्रम आम्ही कधीही बदलत नाही आणि ते काम चालू असताना कोणाशी बोलतही नाही. दांड्याच्या दोन्ही बाहूंच्या खिट्ट्या घालून त्यांना क्लिपा लावायच्या. साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे दांडा निसटला तरी तो रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. मग तार, मग दिव्यांचा प्लग. त्यानंतर मोटारीत बसून किल्ली स्टिअरिंगचे कुलूप सुटेल इतकीच फिरवायची, गिअर न्यूट्रलला आणायचा आणि हॅण्डब्रेक सोडायचा. एकाने मोटरहोम सावकाश सरळ पुढे घ्यायचे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून दोन्ही बाहू ताणले जाऊन खटकन बसतात का आणि चारही चाके फिरतात का ते पाहायचे. काही किलोमीटरवर थांबून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ तळहाताची मागची बाजू धरायची. एखादे चाक इतरांपेक्षा तापलेले असेल तर ब्रेक कुठेतरी घासतो आहे. मागच्या मोटारीचे टायर पंक्चर झाले तर पुढे बसलेल्या चालकाला काहीच जाणवत नाही, टायर फाटून जळू लागेपर्यंत कळत नाही, म्हणून हवेचा दाब दाखवणारे सेन्सर मागच्या चारही चाकांना हवेतच.

आणखी एक. चार चाकांवर ओढलेली मोटार मागे घेता येत नाही. रिव्हर्स टाकला की तिची पुढची चाके आडवी वळतात आणि दांडा वाकतो. चुकीच्या पेट्रोलपंपात शिरल्यास मोटार सोडवण्यावाचून उपाय नसतो. इथल्या रुंद रस्त्यांवर हे चालते. पंचवटीत सणाच्या दिवशी असे अडकणे कसे असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

गोदाकाठचा प्रवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. वेल्डिंगचे काम रद्द करण्यास फॅब्रिकेटरला आजच सांगितले. आता एकच शंका उरली आहे. रीतसर नोंदणी केलेला, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर घेऊन त्यावर अल्टो चढवली, तर आमच्या मोटरहोमला ते वजन झेपेल का?

सातपूर निवृत्त

मोटार वाहणारा ट्रेलर रिकामा असतानाच पाचशे किलोच्या पुढे जातो, म्हणजे अल्टोसह साडेबाराशे ते तेराशे किलो धरून चाला. आपल्या भरलेल्या गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. युरोपात साडेसातशे किलोंवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, तेव्हा ब्रेकचा विचार आपण योग्यच केला आहे. पुढे अडचण येते ती नाकावरच्या भाराची. ट्रेलर मागे डोलू नये म्हणून त्याच्या एकूण वजनाचा काही भाग हुकावर यावा लागतो. अमेरिकेत तो दहा ते पंधरा टक्के धरतात. आपल्या बाबतीत हा भार १३० ते १९५ किलो होईल आणि तो लांब शेपटीच्या अगदी टोकाला पडेल. त्यामुळे मागचा ॲक्सल दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागते.

म्हणून चॅसीच्या निर्मात्याला लेखी विचारा की या चॅसीने किती वजन ओढावे आणि मागच्या टोकाला किती भार सोसावा. आकडा लेखी मिळाला तर वजनकाट्यावर दोन्ही ॲक्सल वेगवेगळे मोजून पुढचे ठरवता येईल. तो मिळाला नाही, तर ओढण्याची क्षमता शून्य समजावी आणि घरातल्या दुसऱ्या परवानाधारकाने अल्टो स्वतंत्रपणे चालवत न्यावी. घाटाच्या अलीकडे इगतपुरीला दोन्ही गाड्या थांबवून चालकांनी चहा घ्यावा, मोटरहोमच्या चाकांना हात लावून पाहावा आणि मगच उतरायला सुरुवात करावी.