‘स्त्रीलेखन’ म्हणजे कुणाचं, आणि ‘लेखन’च का?

परभणीहून:
एम.ए.ला ‘स्त्रीलेखन’ शिकवते. काल एका मुलीनं विचारलं, “मॅडम, स्त्रीशिक्षण म्हणजे स्त्रियांना दिलेलं शिक्षण. मग स्त्रीलेखन म्हणजे स्त्रियांवर लिहिलेलं का?” मी म्हटलं, स्त्रियांनी लिहिलेलं. पण माझंच समाधान झालं नाही. जनाबाईचं गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं. तिनं ‘लिहिलं’ म्हणायचं का?

अंबाजोगाईहून:
ताई, आधी समास. ‘स्त्रीशिक्षणा’त स्त्री शिकणारी, ‘स्त्रीगीता’त गाणारी. स्त्रीलेखन हे स्त्रीगीताच्या वळणाचं, म्हणजे तुम्ही सांगितलं तेच बरोबर. ‘स्त्रीवादी लेखन’ मात्र निराळं. तिथं लिहिणारं कोण यापेक्षा भूमिका काय ते बघतात. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) दोन्हींत बसते. प्रत्येक लेखिकेचं प्रत्येक पुस्तक तसं बसत नाही. पेपरात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि विद्यार्थीही तसंच लिहितात, ते मला फार खटकतं.

आता ‘लेखन’. इथं अडचण खरी आहे. माझी आजी जात्यावर शेकड्यांनी ओव्या म्हणायची. तिला अक्षरओळख नव्हती. वहीत उतरवून घ्यायला बसलो तर म्हणाली, “म्या कुठं लिव्हलं बाबा, दळता दळता मनलं.” माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्यात. त्या अभ्यासाबाहेर ठेवायच्या का? सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या साहित्याचं १९९१मध्ये जे इंग्रजी संकलन काढलं, त्याच्या नावात ‘लेखन’च (Writing) आहे, तरी त्याची सुरुवात थेरीगाथांपासून, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या गाथांपासून होते आणि त्यात जनाबाईही आहे.

हिंगोलीहून:
महानुभाव पंथातल्या महदंबेचे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, विसरू नका. तेराव्या शतकातले, आणि तेही गायचेच.

परभणीहून:
दादा, तुमच्या आजीचं वाक्य मी वर्गात सांगणार आहे. त्यावरून एक सुचलं. आपल्याकडं ‘वाङ्मय’ हा जुना शब्द आहेच. वाक् म्हणजे वाणी, वाणीनं घडलेलं ते वाङ्मय. त्यात लिहिलेलं येतं आणि म्हटलेलंही. ‘स्त्रियांचं वाङ्मय’ म्हटलं की जनाबाईला दाराबाहेर थांबावं लागत नाही. तिच्या अभंगांच्या शेवटीसुद्धा बऱ्याचदा ‘जनी म्हणे’ असंच येतं. अभ्यासक्रमातलं नाव बदलणं माझ्या हाती नाही, पण पहिल्या तासाला फळ्यावर दोन्ही शब्द लिहीन.

आमच्या गावाकडं ओवी ‘म्हणतात’. नांदेड, लातूरकडं ‘गातात’ का?