लिटरेचर रिव्ह्यू 'बॅलन्स्ड' करा म्हणजे नक्की काय करा? विषय: परदेशी शिक्षण

अर्धामसुदा:
डिझर्टेशन चालू आहे, परदेशात जाऊन शिकण्याचे विद्यार्थ्यांवर काय परिणाम होतात असा विषय. रिव्ह्यूचा (म्हणजे विषयावर आधी झालेल्या संशोधनाच्या आढाव्याचा) पहिला ड्राफ्ट दिला तर गाईडनी मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं, "ही जाहिरात वाटते." खोटं नव्हतं त्यांचं, कारण माझे जवळजवळ सगळे पेपर भाषा सुधारते, आत्मविश्वास वाढतो, नोकरीला फायदा होतो याच लाइनचे होते. मग आठवडाभर बसून एकटेपणा, खर्च, परतल्यावर सूर न जुळणं असले पेपर शोधले आणि 'फायदे' आणि 'तोटे' अशी दोन हेडिंगं करून दोन्हीकडे सात-सात टाकले. आता शेरा आलाय, "वाटणी झाली, तुलना कुठाय?" आता काय, अजून तोटे शोधू का? वीस दिवस राहिलेत आणि डोकं पार बधिर झालंय.

तळटीपवाला:
तोटे शोधणं आधी थांबव. सात-सात केल्याने काही होत नाही, एका बाजूचे दोन पेपर दणकट असतील आणि दुसऱ्या बाजूचे सातही फुसके असतील तर सारखे कसे धरणार?
एक काम कर, चौदाच्या चौदा पेपर काढ आणि फक्त मेथडचा भाग वाच, प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: न गेलेल्या मुलांशी तुलना केलीय का? बऱ्याच पेपरांत मुलं परत आल्यावर त्यांनाच फॉर्म भरायला दिलेला असतो की तुमच्यात बदल झाला का. एवढा खर्च करून आलेला माणूस नाही झाला म्हणेल होय! शिवाय जाणारी मुलं मुळातच वेगळी असतात. झिमरमन आणि नायर यांचा 2013 चा जर्मन विद्यार्थ्यांवरचा पेपर बघ, त्यात जाणारे आणि न जाणारे दोघांनाही आधी आणि नंतर मोजलंय. जाणारे निघायच्या आधीच जास्त बहिर्मुख होते, आणि ते धरूनही जाऊन आल्यावर नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा वाढला, अस्वस्थता कमी झाली असं दिसलं. म्हणजे एकच पेपर 'फायदे'मध्येही बसतो आणि फायद्यांवर शंका घ्यायलाही कामाला येतो. आता हा कुठल्या हेडिंगखाली टाकणार, सांग?
नोकरीसाठी पॅरे आणि वाल्डिंगर, 2011. इरॅस्मस, म्हणजे विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारा युरोपातला कार्यक्रम, 1987 ला सुरू झालं पण सगळ्या युनिव्हर्सिट्यांत आणि डिपार्टमेंटांत एकदम पोचलं नाही, त्या फरकाचाच त्यांनी तुलनेसाठी वापर केला. शिकायला बाहेर गेलेल्यांची पुढे परदेशात नोकरी करण्याची शक्यता साधारण 15 टक्के पॉइंटांनी वाढते असं निघालं. पण नीट वाच, परदेशात नोकरी. चांगली नोकरी किंवा जास्त पगार असं नाही. हे दोन्ही सरसकट एक करून लिहिलेले रिव्ह्यू मी ढिगाने तपासलेत.

शब्दवेडी:
वरच्यांशी सहमत, भाषेपुरतं माझं सांगते. "परदेशात राहिल्याने भाषा सुधारते" हे वाक्य असंच सोडू नका. कुणाच्या तुलनेत? फ्रीड, सेगालोविट्झ आणि ड्यूई यांनी 2004 मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचे तीन गट घेतले: एक फ्रान्समध्ये, एक आपल्याच कॉलेजात नेहमीच्या वर्गात, आणि एक घरच्याच देशात पण दिवसभर फ्रेंचच बोलायचं अशा उन्हाळी कोर्सला. बोलण्याच्या ओघात सगळ्यात पुढे गेला तो तिसरा गट. फ्रान्सला गेलेली मुलं वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त वापरत होती, त्यांनी स्वतःच तसं सांगितलंय. म्हणजे भाषा किती वापरली हा मुद्दा निघतो, आणि तुमचे वरवर भांडणारे चार पेपर या एका मुद्द्यावर शेजारी-शेजारी बसवता येतात. गाईड म्हणतायत ती तुलना हीच. हेडिंगं अशी प्रश्नांवरून काढा.

घाईत:
वीस दिवसात सगळे मूळ पेपर कोण वाचणार, जुने तर सगळे दुसऱ्यांच्या रिव्ह्यूमधून उचलतात.

तळटीपवाला:
आणि तिथेच आपटतात. कल्चर शॉकचा तो यू-कर्व्ह घे: आधी मजा, मग खड्डा, मग सावरणं. सगळे लिसगार्ड 1955 म्हणून ठोकून देतात. मूळ पेपर काढला तर अमेरिकेहून परतलेले 200 नॉर्वेजियन फुलब्राइटवाले (अमेरिकेची शिष्यवृत्ती घेऊन गेलेले) निघतात, ज्यांना परत आल्यावर विचारलंय. एकाच माणसाला महिन्यामहिन्याने मोजलेलंच नाही, कमीजास्त काळ राहिलेल्या वेगवेगळ्या लोकांवरून वक्र काढलाय. वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना खरंच वेळोवेळी मोजलं तर सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होता, ती मजेची पायरी दिसलीच नाही. अर्थात हा गटही लहान आहे, तेही लिही. सगळे मूळ पेपर नको वाचूस, पण ज्यावर तुझा परिच्छेद उभा आहे तेवढे वाच.

अर्धामसुदा:
काल रात्री एक्सेलमध्ये तक्ता केला, पेपर उभे आणि कोण, किती दिवस, तुलना कुणाशी, कसं मोजलं हे आडवे. चौदापैकी नऊ पेपरांत तुलनेचा कॉलम रिकामा! तोट्यांतलेही चार त्यात आहेत, त्यामुळे एकटेपणावाला अख्खा परिच्छेद डळमळला. भाषेचं असं लिहिलंय, चालेल का? "फ्रीड व इतर यांनी सिद्ध केले की परदेशात राहण्यापेक्षा घरच्या देशातील सघन वर्ग अधिक परिणामकारक ठरतात."

शब्दवेडी:
'सिद्ध केले' काढा, 'त्यांच्या अभ्यासात आढळले' करा. 'परिणामकारक' पण फार मोठा शब्द झाला, त्यांनी ओघ मोजलाय, तेवढंच म्हणा. आणि गट छोटे होते, एकाच सत्राचा मामला होता, ते त्याच वाक्यात यायला हवं, खाली मर्यादांमध्ये ढकलू नका. बाकी तो रिकामा कॉलम लपवू नका हं, त्याच्यावरच एक परिच्छेद होतो.