सिंधुदुर्गातले कलावंत म्हटलं की तीच चार नावं का येतात?

तळ्याकाठची: नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात जिल्ह्यातल्या लेखक-कलावंतांसाठी एक भिंत करायचीय, फोटो आणि खाली चार ओळी. यादी काढायला बसले तर सगळे लेखकच आले, आरती प्रभू, पाडगावकर, विंदा, जयवंत दळवी, मधु मंगेश कर्णिक. माणसं मोठी यात वादच नाही, पण बहुतेकांचं नाव झालं ते मुंबईला गेल्यावर. इथेच राहून ज्यांनी काही टिकवलं ते कोण? दशावतार, म्हणजे आपलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, डोक्यात आला पण तिथे नाव कोणाचं लावायचं तेच कळेना. सुचवा प्लीज, आणि नुसती नावं नकोत, थोडी माहितीपण द्या.

कुडाळचो_झील: डोळे मिटून परशुराम गंगावणे, पिंगुळी. २०२१ ला पद्मश्री मिळाली. ठाकर समाजाची चित्रकथी त्यांनी धरून ठेवली, म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रं एकेक करून समोर धरायची आणि गात गात रामायण-महाभारतातली गोष्ट सांगायची, एका गोष्टीच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यापण त्याच घरात. पूर्वी सावंतवाडीच्या राजांचा आश्रय असायचा, तो गेला, मग टीव्ही आला, बघायला कोण उरलंच नाही. तर या माणसाने घरचा गुरांचा गोठा होता त्याचंच म्युझियम केलं! मी शाळेत असताना तिकडून रोज सायकलने जायचो, एकदाही आत डोकावलो नाही. पुण्याचा मित्र आला, त्याला दाखवायला म्हणून गेलो तेव्हा पहिल्यांदा बघितलं. असो.

मोतीतलाव: सावंतवाडीची गंजिफा घ्या, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफाची १२० पानं, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा, सगळी हाताने रंगवलेली गोल पानं. कला बंद पडायच्या बेतात होती तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं, राणीसाहेब स्वतः शिकल्या. पण फक्त राजघराण्याचा फोटो लावू नका हां, तिथे बसून वर्षानुवर्षं ब्रश चालवणारे चितारी आहेत त्यांचाही लावा.

पेटारेवाला: ताई, दशावताराचं नाव कळेना म्हणालात त्यातच सगळं आलं बघा. बाबी नालंगांसारखी काही नावं जिल्हाभर माहीत आहेत, बाकीच्यांना आपण 'राजा बरो करता', 'ती बायल करणारो' असंच ओळखतो. लिखित संहिता नसते. रंग लावता लावता आज कुठलं आख्यान ते ठरतं आणि पुढचे संवाद रंगमंचावर जागच्या जागी, पुराण तोंडपाठ नसेल तर समोरचा राजा तिथेच उघडा पाडतो. आधी आडदशावतार, गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या कपड्यातला संकासुर मालवणीत बोलून हसवून जातो, मग आख्यान, आणि उजाडताना दहीकाला. साथीला पेटी, मृदंग, झांज, बस. कार्तिकात जत्रा लागल्या की रात्रीमागून रात्र हेच, आणि दिवसा तोच माणूस शेतात नाहीतर रिक्षावर. लेखकाचं पुस्तक तरी मागे राहतं, याचं बोललेलं पहाटे संपतं. माका विचारशात तर भिंतीवर पयलो फोटो संकासुराचो व्हयो.

चाकरमानी_८२: मुंबईत गेलेले म्हणजे आपले नाहीत हे मला पटत नाही. आरती प्रभूंची कुडाळला खानावळ होती, तिथली माणसं, पाऊस, भुतंखेतं सगळं त्यांच्या लिहिण्यात आहे, मुंबईत बसून ते थोडंच सुचलं असतं. दळवींच्या लिखाणातनं आरवली काढा, बघा काय उरतं. आणि मच्छिंद्र कांबळी! त्यांच्या आधी मुंबईत चारचौघांत मालवणी बोलायला आमचे वडील लाजायचे, नंतर त्यांच्या त्याच भाषेतल्या नाटकाला हाउसफुल्लचा बोर्ड लागायला लागला. मनीऑर्डर चालते आमची, आम्ही नाही चालत काय 😄

पेटारेवाला: तसं नाय रे बाबा, वगळा कोण म्हणालं. लेखकांचे फोटो सगळीकडे आहेतच, संकासुराचा कुठाय ते दाखव.

नुसती_वाचक: विचारवंत राहिलेच की. बॅरिस्टर नाथ पै, जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२. खासदार म्हणून लोकांना माहीत आहेत, पण मालवणला त्यांच्या नावाची 'सेवांगण' ही संस्थापण आहे.

तळ्याकाठची: बापरे, किती सांगितलंत! चाकरमानी दादा, तुमचं पटलं, लेखक राहतील पण बाजूच्या भिंतीवर. समोरच्या भिंतीवर गंगावणे, गंजिफाचे चितारी आणि मधोमध संकासुर. अडचण एकच, नेटवर शोधलं तर सगळ्या फोटोंखाली 'दशावतारी कलाकार' एवढंच लिहिलंय. आत कोण आहे त्याचं नाव माहीत असलेला फोटो कोणाकडे आहे का? त्या माणसाला विचारूनच लावू.

पेटारेवाला: आसा. रविवारी जत्रेक भेटतलो, इचारून सांगतंय.