आईला स्पाचं पॅकेज द्यायचंय, पण मेनूतलं काहीच कळत नाहीये

पारिजात_सडा:
आई या महिनाअखेरीला शाळेतून रिटायर होतेय, ३४ वर्षं नोकरी झाली. घरातल्या सगळ्या बाळंतिणींना आणि बाळांना तिनेच तेल लावलंय, माझ्या दोन्ही बाळंतपणांत मालिशवाल्या मावशी आल्या नाहीत की तीच पदर खोचून बसायची, पण तिच्या अंगाला कोणी तेल लावलेलं मी तरी आजवर बघितलेलं नाही. म्हणून मी आणि भावाने ठरवलं की तिला एक दिवस स्पाला पाठवायचं. नाशिकच्या एका हॉटेलातून मेनू मागवला, तर त्यात स्वीडिश, डीप टिश्यू, बालिनीज, थाई, हॉट स्टोन, शिरोधारा, डिटॉक्स रॅप, काय काय आहे. फरक काय विचारलं तर फोनवरची मुलगी म्हणाली, मॅम सगळंच रिलॅक्सिंग आहे.
आई ५८ ची, बीपीची गोळी रोज, शुगर दहा वर्षं झाली, हल्ली तळपायाला मुंग्या येतात म्हणते, डाव्या पोटरीवर निळ्या शिरा फुगल्यात. आणि मुख्य म्हणजे ती फार लाजते, डॉक्टरकडेही अवघडते. तिथे कपडे काढायला लागतात का, किती? यातलं तिला काय झेपेल?

सागरवेळ:
ताई, मी स्वतः थेरपिस्ट आहे, ११ वर्षं झाली, आधी गोव्यात होते, आता पुण्यात. नावांपेक्षा दाब किती आणि अंग किती ताणतात हे बघा.
स्वीडिश सगळ्यात साधा. तेल लावून लांब लांब हात फिरवायचे, मग कणीक मळल्यासारखं मळायचं, थोडं चोळायचं, थोपटायचं. नाव स्वीडिश असलं तरी हे हात नीट लावून दिले १९व्या शतकात मेझगर नावाच्या डच डॉक्टरने, आणि आम्हाला शिकवतात ती नावं फ्रेंच, एफ्लुराज, पेट्रिसाज वगैरे. पहिल्यांदा येणाऱ्याला मी हाच सांगते.
डीप टिश्यूत कोपराने, बोटांच्या सांध्यांनी खोल दाब देतात, दुसऱ्या दिवशी अंग ठणकू शकतं, आईंना नकोच. बालिनीजमध्येही तेल असतं पण दाब स्वीडिशपेक्षा बराच जास्त.
आता थाई. त्यात तेल नसतं, सैल कपडे घालून खाली गादीवर झोपवतात, म्हणून लाजणाऱ्या बायकांना वाटतं हाच बरा. पण त्यात हात-पाय ओढून ताणतात, थेरपिस्ट कोपर, गुडघे, पाय सगळं वापरते. बँकॉकच्या वाट फो देवळात पिढ्यान् पिढ्या शिकवतात तो हा प्रकार, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत पण आला, मला स्वतःला फार आवडतो, पण पहिल्या वेळेला ५८ व्या वर्षी नको.
कपड्यांचं सांगते. आत डिस्पोजेबल चड्डी देतात, तुम्ही बदलेपर्यंत आम्ही बाहेर थांबतो, मग अंगावर पूर्ण चादर, आणि ज्या भागावर काम चालू तेवढाच उघडा. बाईच थेरपिस्ट हवी हे बुकिंग करतानाच सांगा, आणि कन्फर्म करून घ्या. तरी अवघडल्यासारखं होत असेल तर फक्त डोकं-मान-खांदे आणि पाय असं घ्या, त्यात साडी बदलून गाऊनवर बसलं तरी चालतं. दाब जास्त वाटला तर लगेच बोला म्हणावं, आपल्याकडच्या बायका सहन करत पडून राहतात आणि आम्हाला कळतच नाही, खरंच बोला.

फिजिओ_कट्टा:
वरचं सगळं बरोबर, पण मुंग्या वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. हॉट स्टोन अजिबात नको. ते बेसाल्टचे गुळगुळीत दगड असतात, आपल्या सह्याद्रीचा असतो तोच काळा दगड, पाण्यात ५० अंशांच्या आसपास तापवून अंगावर ठेवतात. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसतोय हे कळतच नाही, आणि नंतर ती जखम भरायला महिने जातात. गरम पाण्यात पाय बुडवणं असेल तर पाणी आधी तुम्ही कोपराने बघा.
फुगलेल्या शिरांवर दाब द्यायचा नाही, पोटरी सोडून द्या म्हणायचं. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखायला लागला तर मसाज कॅन्सल करून आधी डॉक्टरकडे, कारण रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तेही फॉर्मवर लिहा. बीपीच्या गोळीवर स्टीमला डॉक्टरांना विचारून, आणि मसाज झाल्यावर झटकन उठायचं नाही, चक्कर येते.
डिटॉक्स रॅपवर पैसे घालवू नका प्लीज. विषारी द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, गुंडाळून घाम काढल्यावर जे वजन उतरतं ते पाण्याचं, दोन ग्लास पाणी प्यायलं की परत.

वैद्य_गावाकडचे:
शिरोधारेबद्दल सांगतो. हा मसाज नव्हे. निवांत पाठीवर झोपवून कपाळावर कोमट तेलाची बारीक धार अर्धा-पाऊण तास सोडतात, काही वेळा तेलाऐवजी ताक किंवा काढा असतो, आणि ते बघून वैद्याने ठरवायचं असतं. आईंना झोपेची तक्रार असेल तर छान वाटेल, पण केस तेलाने माखतात, नंतर लगेच वाऱ्यात फिरू नये. आमच्याकडे अभ्यंग म्हणतात तो म्हणजे सर्वांगाला कोमट तेल, बहुधा तिळाचं, दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान तेच की. जेवल्या जेवल्या करू नये, ताप किंवा अजीर्ण असताना करू नये, एवढं पाळा.

मऊभात:
एवढा खर्च कशाला, घरी काशाची वाटी आहे ना? तळपायाला तूप लावून घासा, तूप काळं झालं की समजायचं उष्णता निघाली. आमच्या आजीला याशिवाय झोप यायची नाही.

फिजिओ_कट्टा:
मऊभात, वाटीने झोप छान लागते हे मलाही मान्य, माझी आईसुद्धा घासायची. पण काळं होतं ते काशातल्या तांब्याची तूप-घामाशी प्रक्रिया होऊन, उष्णता नव्हे. पारिजात, तुझ्या आईला करायचंच तर आधी तळपाय उजेडात नीट बघ, चीर-फोड नाही ना, मग हलक्या हाताने, आणि नंतर तूप पूर्ण पुसायचं, फरशीवर घसरायला वेळ लागत नाही.

पारिजात_सडा:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हॉट स्टोनचं पॅकेज जवळजवळ बुक केलं होतं हो! आता ६० मिनिटांचा स्वीडिश, हलका दाब, पोटरी सोडून, बाई थेरपिस्ट, आणि आधी चहा-बिस्किटं म्हणजे शुगर उतरायला नको. काल आईला सांगितलं. आधी नको नको झालं, मग चादर पूर्ण असते हे ऐकून जरा गप्प बसली, आणि रात्री भांडी आवरताना म्हणाली, दिवसभर लोकांची अंगं चोळून त्या पोरीचे हात नाही का गं दुखत?

सागरवेळ:
दुखतात ताई. अंगठा आणि मनगट, रोज. ११ वर्षांत गिऱ्हाइकाने हे विचारलेलं मला तरी आठवत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना पुण्याला आणणार असाल तर मला मेसेज करा, मी स्वतः करेन.