मदत हवी आहे: जुना मिनी ट्रॅक्टर, 215 घेऊ की 717? रविवारपर्यंत ठरवायचंय

वेळवंडीकाठ
नमस्कार मंडळी. जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचा आहे. दोन समोर आहेत, महिंद्रा युवराज 215 आणि स्वराज 717. पहिला रोटाव्हेटरसकट (ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचं अवजार) 1 लाख 85 हजार, दुसरा नुसता ट्रॅक्टर 1 लाख 70 हजार. शेत दोन एकर. कुठला घेऊ? पहिल्याला अजून एक गिऱ्हाईक लागलंय म्हणे, त्यामुळे रविवारी टोकन द्यावं लागेल. कृपया "नवाच घ्या" हे कोणी सांगू नका, बजेट ठरलंय. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच लिहा.

रोटाव्हेटर_राजा
साल कुठलं? तास किती झालेत? जमीन काळी की मुरमाड? पीक काय? चालवणार कोण? नुसत्या "दोन एकर"वर काय सांगणार, राव.

वेळवंडीकाठ
दोन्हींची कंडिशन चांगली आहे, फोटो पाहिलेत. पीक नेहमीचंच. कुठला घेऊ एवढंच सांगा ना.

सासवडकर_अंजीरवाला
नेहमीचं म्हणजे काय हो? आमच्याकडे नेहमीचं म्हणजे अंजीर-सीताफळ, जुन्नरला टोमॅटो, बारामतीला ऊस. बागेतनं फिरवायचा असेल तर 215 छान. अरुंद आहे, फांद्या मोडत नाहीत. मी सहा फुटी पट्ट्यातनं काढतो.

नवाच_बरा
बजेटचं नका सांगू म्हणालात तरी सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय. जुने विकणारे अजून आधीच्या हिशोबाने भाव सांगतात. निदान घासाघीस करताना तरी हे तोंडावर फेका.

वेळवंडीकाठ
हे कामाचं आहे, धन्यवाद. पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

घाटमाथा
धागालेखकाच्या आयडीवरून ते भोरचे दिसतात. वेळवंडी नदी म्हणजे भाटघर धरण. तिकडे भाताशिवाय काय असणार? साहेब, खाचरं (बांध घातलेले भाताचे तुकडे) आहेत का?

वेळवंडीकाठ
हो, भातच. खाचरं आहेत. तिकडे सगळ्यांचीच असतात.

घाटमाथा
मग हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! कोरड्या रानात रोटा मारणं वेगळं आणि चिखलणी, म्हणजे लावणीआधी पाण्यात चिखल करणं, वेगळी. एका खाचरातनं दुसऱ्यात ट्रॅक्टर उतरवणार कुठून? बांध किती उंच? पाणंदीतनं शेतापर्यंत पोचतो का, की तिथेच अडणार?

टिलरच_टिलर
भाताच्या खाचरासाठी ट्रॅक्टर घेणाऱ्यांना माझा साष्टांग. 13 एचपीचा पॉवर टिलर घ्या आणि मोकळे व्हा. फळी टाकून बांधावरून उतरवता येतो, कोपऱ्यात वळतो, डिझेल कमी पितो. आमच्या वेल्ह्याकडे ज्याची खाचरं लहान त्याच्याकडे टिलर. मिनी ट्रॅक्टरची हौस फक्त पुण्यात राहणाऱ्यांना.

चार_चाकी_ओढ
टिलरच्या मागे दिवसभर चिखलात चालून बघा एकदा, संध्याकाळी कंबर धरते. आणि हे गृहस्थ शनिवार-रविवारचे शेतकरी दिसतात. खाचर मोठं असेल तर 4 व्हील ड्राइव्ह, बाकी काही नाही. कुबोटाचा बी2441 बघा, 24 एचपी, तीन सिलिंडर, वजनाला हलका. 215 आणि 717 दोन्ही 2 व्हील ड्राइव्ह. पुढचं चाक चिखलात रुतलं की स्टीअरिंग फिरवत बसा, ट्रॅक्टर सरळच जातो.

टिलरच_टिलर
आणि तो कुबोटा 1 लाख 85 हजारांत कोण देतो, पत्ता द्या. मीही घेतो.

जुना_फिटर
215 आणि 717 मध्ये भांडण्यासारखं फार नाही. दोन्ही 15 एचपी, दोन्ही एका सिलिंडरचे. स्वराजही 2007 पासून महिंद्राच्याच ताब्यात. त्यामुळे नाव बघू नका, समोर उभं असलेलं मशीन बघा. मी ट्रॅक्टर दुरुस्तीत आयुष्य घालवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाताना मालकाला सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटखाली हात लावा. गरम असेल तर तुमच्या आधी कोणीतरी धक्का मारून नाहीतर दुसरी बॅटरी लावून उठवलाय. थंड इंजिन स्टार्टरवर किती वेळात पेटतं, ते कानाने ऐका. सुरुवातीचा थोडा धूर चालेल. गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. मग ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीसमोर तळहात धरा. धूर फुकफुक करत बाहेर मारत असेल तर रिंगा, लायनर गेले, आणि ते काम स्वस्तात होत नाही.

लिफ्टला रोटाव्हेटर लावून पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि मालकाने चहा आणला तर निवांत प्या. तेवढ्यात रोटा खाली टेकला तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. क्लचसाठी हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गपकन बंद पडलं तर ठीक. गुरगुरत चालूच राहिलं तर क्लच प्लेट उरलेली नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. चिखलणीत वापरलेल्या ट्रॅक्टरला मागच्या अॅक्सलचे सील हमखास त्रास देतात. ब्रेक कोरड्या डिस्कचे असतील तर तिथेही चिखल जातो. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर खाचरात जास्त टिकतात. पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या आणि चाक दोन्ही हातांनी हलवा. किंगपिन, बुश गेले असतील तर लगेच कळतं.

तासांचं मीटर कोणी गंभीरपणे घेऊ नये, केबल काढून ठेवली की ते थांबतं. त्यापेक्षा क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा. टायरवर चार आकडे असतात, 1519 म्हणजे 2019 च्या पंधराव्या आठवड्यातला टायर. ट्रॅक्टर 2021 चा सांगतायत आणि टायर 2019 चा निघाला तर प्रश्न विचारा. आणि नवा कोरा रंग दिसला तर खुश होऊ नका, रंगाखाली वेल्डिंग शोधा.

रोटाव्हेटर_राजा
वा, फिटरकाका! हे वर चिकटवून ठेवा कोणीतरी. एक भर: रोटाची पाती आणि पीटीओच्या (रोटाला इंजिनची ताकद देणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचे क्रॉस बघा. 15 एचपीला साडेतीन फुटाच्या वरचा रोटा जोडलेला असेल तर इंजिन आयुष्यभर धापा टाकत आलंय असं समजा.

चारसूत्री_भात
ट्रॅक्टर कुठलाही घ्या, पण भात चारसूत्रीने लावा. भाताचं तूस आणि पेंढा शेताला परत द्या, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडा, 15-25 सेंटीमीटरवर दोरीने नियंत्रित लावणी करा आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये खोचा. खत वाहून जात नाही. भोरच्या पावसात तर हेच हवं.

वेळवंडीकाठ
आभारी आहे, पण मी ट्रॅक्टर विचारला होता.

भाड्याचं_गणित
दोन एकरांसाठी दोन लाख अडकवायचे? चिखलणीचे आठ-दहा तास, उन्हाळ्यात एक नांगरट, संपलं. उरलेलं वर्ष तो शेडमध्ये उंदरांना. त्यापेक्षा तासावर लावा.

घाटमाथा
गणित कागदावर बरोबर आहे. पण जुलैत पहिला झोडपा पडला की अख्ख्या गावाला एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते. भाड्याचा माणूस आधी स्वतःचं रान करतो, मग भावकीचं, मग मोठ्या शेतकऱ्याचं. पुण्यात राहणारा सगळ्यात शेवटी. तोवर तरवा (लावणीची रोपं) महिन्याच्या वर जातो आणि फुटवा (रोपाला येणारे नवे फुटवे) कमी येतो.

वेळवंडीकाठ
अगदी हेच! गेल्या पावसाळ्यात माझा तरवा पिवळा पडला तरी टिलरवाला उगवला नाही. मृग तोंडावर आलाय, म्हणून घाई आहे. खाचरं एकूण नऊ. खालची चार मोठी आहेत, ट्रॅक्टर सहज फिरतो. वरची लहान आहेत. आतल्या वाटेचा प्रश्न नाही, कडेने उतार आहे.

टिलरच_टिलर
वरच्या पाचांचं काय मग? बघा, शेवटी टिलरच.

काळा_बैल
वरची पाच बैलांनी करा. गावात एखादी जोडी अजून असेलच.

चार_चाकी_ओढ
बैलजोडीचा चारा-पाणी शनिवार-रविवार बघणार का हे? उगाच काहीतरी.

कागदपत्रं_आधी
इंजिन, चिखल, बैल सगळं झालं. आरसी कोणी पाहिली का? गाडी कुठल्या पासिंगची, नाव कोणाचं, बँकेचा बोजा आहे का?

वेळवंडीकाठ
215 श्रीगोंद्याकडचा आहे, एमएच 16. 717 शिरूरचा, एमएच 12. विकणारा म्हणतो कागद क्लिअर आहेत. आत्ता आरसीचा फोटो मागवला. 215 च्या आरसीवर विकणाऱ्याचं नाव नाही, एका महिला बचत गटाचं आहे. तो म्हणतो गटाचा अध्यक्ष त्याच्या ओळखीचा आहे, 500 च्या स्टँपवर नोटरी करून देतो. चालेल ना?

कागदपत्रं_आधी
थांबा. टोकन देऊ नका.

सामाजिक न्याय विभागाची योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या उपसाधनांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के, म्हणजे 3 लाख 15 हजारांपर्यंत अनुदान मिळतं. ट्रॅक्टर 9 ते 18 एचपीचा लागतो, 15 चा त्यात बरोबर बसतो. असा ट्रॅक्टर गटाला मनाला येईल तेव्हा विकता किंवा गहाण टाकता येत नाही, अट असते. हा त्यातलाच आहे की गटाने स्वतःच्या पैशाने घेतलाय, ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नोटरीने मालकी बदलत नाही. आरटीओत फॉर्म 29 आणि 30 लागतात, बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. गाडी एमएच 16 ची आणि तुम्ही पुण्याचे, म्हणजे फॉर्म 28 ची एनओसीही आली. आरसी गटाच्या नावावर राहिली आणि उद्या रस्त्यात कोणाला धक्का लागला, तर नोटीस जाणार गटातल्या बायकांना. विमा कंपनीही हात वर करायला बघेल.

नवाच_बरा
असे अनुदानाचे ट्रॅक्टर बाजारात ढिगाने फिरतात. गट नावालाच असतात.

उषःकाल_गट
सरसकट बोलू नका, भाऊ. मी स्वतः अशा गटात आहे. आमचा ट्रॅक्टर गावभर भाड्याने चालतो, हिशोबाची वही कोणीही बघावी. आमच्याकडेसुद्धा दलाल येऊन गेला. "ताई, महिन्याला इतके देतो, गाडी आमच्याकडे राहू द्या," म्हणाला. आम्ही हाकललं. कुठे कोण फसलं असेल तर त्या बायकांच्या नावावर कोणीतरी धंदा करतंय, हे आधी बघा. आणि विकणाऱ्याच्या "ओळखीचा" असलेला गटाचा अध्यक्ष पुरुष कसा? महिला गट आहे ना?

घाटमाथा
ताईंशी सहमत. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर धागालेखकाने विकणाऱ्याकडूनच घ्यावं.

अप्पा_आकुर्डी
कोणी फोर्सचा ऑर्चर्ड मिनी सुचवत कसा नाही? 27 एचपी, आपल्या पुण्याच्या कंपनीचा. माझा अजून पळतोय.

जुना_फिटर
अप्पा, मशीन चांगलं, पण कंपनीने 2024 मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसायच बंद केला. तुमच्याकडे आहे तो जपा. नव्याने घेणाऱ्याने आधी सुट्या भागांची सोय बघावी.

कोथरूडचा_पाहुणा
अवांतर: वेळवंडीकाठ, तांदूळ घरपोच देता का? इंद्रायणी की आंबेमोहोर? मंडईत इंद्रायणीच्या नावाखाली काय वाटेल ते गळ्यात मारतात.

चारसूत्री_भात
इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेला वाण. शिजवल्यावर किंचित चिकट आणि वासाचा नसेल तर तो इंद्रायणी नव्हे.

टिलरच_टिलर
तांदळाचा वेगळा धागा काढा रे.

वेळवंडीकाठ
215 वाल्याला फोन केला. अध्यक्षबाईंशी बोलायचंय म्हटल्यावर "तुम्हाला घ्यायचा नाही असं दिसतंय" म्हणून ठेवून दिला. विषय संपला. आता 717. आरसी विकणाऱ्याच्याच नावावर आहे, पण बोजा दिसतोय. तो म्हणतो कर्ज फिटलंय, बँकेचं पत्र आणायचं राहिलंय. आता तरी हो म्हणू का?

कागदपत्रं_आधी
पत्र हातात येईपर्यंत टोकनसुद्धा नाही. खरंच फिटलं असेल तर पत्र आणायला त्याला अडचण नसावी.

जुना_फिटर
आणि इंजिन बघितल्याशिवाय भाव बोलू नका. 717 ला केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं) आहेत का तेही विचारा. नसतील तर तो खर्च धरून किंमत पाडा.

वेळवंडीकाठ
केज व्हील नाहीत. शनिवारी शिरूरला जातोय. फिटरकाका, येता का सोबत? गाडी माझी, जेवण माझं, जे काय घेता ते देतो.

जुना_फिटर
व्यनि (खासगी निरोप) केलाय. पहाटे निघू. मालकाला सांगू नका मी कोण, चुलता म्हणा.

टिलरच_टिलर
चुलत्यांना विचारून घ्या, वरच्या पाच खाचरांचं काय.

सासवडकर_अंजीरवाला
तो श्रीगोंद्याचा 215 कोणी घेत नसेल तर त्याचा नुसता रोटाव्हेटर देतील का? मला साडेतीन फुटीच हवाय. नंबर व्यनि करा.

कागदपत्रं_आधी
रोटा उपसाधनात येतो. तोही त्याच अनुदानातला निघू शकतो. वर लिहिलंय ते एकदा वाचा, मग नंबर मागा.