मदत हवी आहे: एरोबिक म्हणजे नक्की काय? (अर्जंट, ग्राउंड 5 आठवड्यांवर)

खाकी_ध्येय
पोलीस भरतीचं ग्राउंड 5 आठवड्यांवर आलंय. तिसऱ्या राउंडला पाय दगड होतात, छाती फुटेल असं वाटतं. अकॅडमीचे सर म्हणतात, "तुझं एरोबिक वीक आहे, सगळं ॲनरोबिकवर चाललंय." म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, हवेशिवाय. अहो, तिसऱ्या राउंडला भात्यासारखी हवा आत-बाहेर चालू असते, मग हवेशिवाय कसं?
धाकटा भाऊ दहावीला आहे. त्याच्या पुस्तकात ऑक्सिश्वसन म्हणजे पेशीत ऑक्सिजन वापरून ग्लुकोजपासून ऊर्जा तयार होते. म्हणजे झोपलेला माणूससुद्धा एरोबिक! आणि पुण्याची आतेबहीण एरोबिक्सला जाते, तिथे गाणी लावून नाचतात. हे तिन्ही एकच कसं?
गूगल कर म्हणू नका, केलंय. लवकर सांगा.

नेरळ_लोकल
टायमिंग किती? वय? रोज किती पळणं होतं? काहीच लिहिलेलं नाही.

माजी_पीटी_मास्तर
मित्रा, घाबरू नकोस. 1600 मीटरला तिसरा राउंड सगळ्यांचाच मरतो. कूपर टेस्ट मार. 12 मिनिटांत जेवढं जमेल तेवढं पळायचं आणि अंतर मोजायचं. अमेरिकेच्या हवाई दलातल्या केनेथ कूपर नावाच्या डॉक्टरने काढलेली चाचणी आहे. 1968 मध्ये त्याचं 'एरोबिक्स' नावाचं पुस्तक आलं, तेव्हापासून हा शब्द मैदानावर आला. ब्राझीलमध्ये तर जॉगिंगलाच 'कूपर' म्हणतात.
पाय दगड होतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे. ते साठून राहतं म्हणून दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात. रात्री गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बस.

सुलूमावशी
आमच्या सोसायटीत एरोबिक्सचा क्लास आहे, संध्याकाळी 6 ला. माझं 4 किलो उतरलं. आतेबहिणीच्या क्लासची फी किती आहे?

प्राणवायू
सगळं सोडा. सकाळी 20 मिनिटं अनुलोम-विलोम आणि कपालभाती. रक्तातला ऑक्सिजन वाढला की एरोबिक आपोआप वाढतं.

पेशीपाशी
प्राणायाम जरूर करा, मन शांत होतं. पण निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात हिमोग्लोबिन बसल्या जागीच 97-98 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. गोण भरलेली आहे, वरून आणखी किती ओतणार? अडतं ते पुढे. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, त्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे आणि स्नायू त्यातला ऑक्सिजन किती उचलतो.

आता मूळ प्रश्न. भावाचं पुस्तक बरोबर आहे आणि सरही बरेचसे बरोबर आहेत, फक्त 'हवेशिवाय' या शब्दाने घोळ केलाय.
शब्द मुळात जंतूंसाठी आला. 1860च्या दशकात लुई पाश्चरला हवेशिवाय जगणारे जंतू सापडले, आणि हवा लागणारे व न लागणारे अशी त्याने ग्रीक शब्दांवरून नावं पाडली. एर म्हणजे हवा, बायोस म्हणजे जीवन. तिथून तो शब्द पेशीत शिरला. पेशीत ग्लुकोज आधी पेशीद्रवात अर्धवट फुटतो. याला ऑक्सिजन लागत नाही, काम झटपट होतं, पण एका ग्लुकोजमागे पदरात पडतात जेमतेम 2 एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जेची सुटी नाणी. उरलेला माल तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) जातो, तिथे ऑक्सिजन लागतो, वेळ लागतो, पण एकूण 30-32 एटीपी मिळतात. शिवाय चरबी वापरायची तर हाच रस्ता.
पळताना हे दोन्ही रस्ते एकाच वेळी चालू असतात. एक बंद होऊन दुसरा सुरू होतो असं नाही. हळू पळताना तंतुकणिका जवळपास सगळी मागणी पुरी करते. वेग वाढला की तिला पुरवठा झेपत नाही आणि वरची तूट पहिल्या, बिनऑक्सिजनच्या रस्त्याने भरून काढली जाते. हवा नाकातून येतच असते. नुसती ती पुरत नाही.
आणि दम लागतो तो ऑक्सिजन संपला म्हणून कमी, रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढलं म्हणून जास्त.

दहावी_ब
38 एटीपी असतात. आमच्या पुस्तकात छापलंय.

पेशीपाशी
परीक्षेत 38 लिही बाळा. जुन्या हिशोबात तेवढे धरत. तंतुकणिकेचं पटल गळतं, वाहतुकीलाही थोडा खर्च होतो, म्हणून आता 30-32 धरतात.
आणि मास्तर, माफ करा, पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिकचं नव्हे. ते तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. हृदय आणि इतर स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याचा परत ग्लुकोज करतं. दुसऱ्या दिवशी दुखतं ते तंतूंना बारीक इजा होते म्हणून.

माजी_पीटी_मास्तर
ताई, मी 31 वर्षं पोरं पळवली. मिठाच्या पाण्याने बरं वाटतं.

पेशीपाशी
बरं वाटतं हे मी कुठे नाकारलं? गरम पाण्याने कुणालाही बरंच वाटतं. मी कारणाबद्दल बोलतेय.

तांबडा_पांढरा
एरोबिक बघायचं असेल तर ताटात बघा. कोंबडीची तंगडी काळसर, छाती पांढरी. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून पायाच्या स्नायूत ऑक्सिजन धरणारा मायोग्लोबिन आणि तंतुकणिका भरपूर. उडते फक्त कुत्रं मागे लागलं तर, दोन सेकंद फडफड, म्हणून छाती ॲनरोबिक. लांब उडणाऱ्या बदकाची छाती गडद असते. रश्श्याला तंगडीच का घ्यायची ते यावरून समजून घ्या.

शेणकाला
धागा वाचला. गोबरगॅसच्या टाकीत हवा जाऊ द्यायची नाही, तिथे ॲनरोबिक जंतू मिथेन करतात. कंपोस्टचं उलट, ढीग हलवला नाही की आतली हवा संपते आणि घाण वास सुटतो. माझ्या टाकीला दोन महिने गॅस कमी येतोय. कुणाला अनुभव आहे का?

खाकी_ध्येय
पेशीपाशी, आता डोक्यात शिरलं. थँक्यू. पण मी दादा नाही, मित्रा पण नाही, मुलगी आहे. आणि 1600 नाही, 800. मुलींना 800 असतं हे सगळ्यांना माहीत असतं ना!
आमच्याकडे ट्रॅक नाही, झेडपी शाळेच्या ग्राउंडवर 200 चा राउंड आखलाय, 4 मारायचे. टायमिंग 3:25. आउट ऑफ (पूर्ण मार्क) नको, निदान 3:10 च्या आत तरी यायला पाहिजे. आता सांगा, 800 एरोबिक की ॲनरोबिक?

नेरळ_लोकल
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ताई. प्रत्येक राउंडची वेळ दे.

खाकी_ध्येय
मैत्रिणीने लिहून ठेवलंय: 36, 45, 58, 66.

नेरळ_लोकल
सापडलं. पहिले 200 तू 36 सेकंदांत काढतेस, म्हणजे त्या चालीने 800 ला 2:24 लागतील. तेवढी ताकद अजून आलेली नाही, म्हणून शेवटचा राउंड 66. 48 च्या चालीने चारही राउंड मारलेस तर 3:12 होतात. सगळ्या पुढे गेल्या तरी जाऊ दे, तिसऱ्या राउंडला त्याच भेटतील.

माजी_पीटी_मास्तर
हे मात्र शंभर टक्के बरोबर. आणि शिटी वाजली की सगळं विसरून पळतात हेही बरोबर.

पेशीपाशी
तीन-सव्वातीन मिनिटं पूर्ण जोर लावला तर साधारण 70 टक्के ऊर्जा ऑक्सिजनवाल्या रस्त्याने येते. म्हणून 800 ला 'ॲनरोबिक' म्हणून मोकळं होता येत नाही. 100 मीटरला येतं. पण पहिलाच राउंड 36 चा मारला की उधारी सुरुवातीलाच डोक्यावर. ए. व्ही. हिल नावाच्या शास्त्रज्ञाने तर 1920च्या दशकात याला 'ऑक्सिजनचं कर्ज' असंच नाव दिलं होतं.
सराव काय करतेस ते अजून सांगितलं नाहीस.

खाकी_ध्येय
रोज 2 वेळा 800, फुल्ल. रविवारी गोळा आणि 100. लांब पळायला सर सांगतात, पण पहाटे अंधारात रस्त्यावर एकटीला घरचे सोडत नाहीत.

प्राणवायू
घरच्यांना समजवा. पहाटेच ओझोन असतो.

नेरळ_लोकल
पहाटे ओझोन उलट कमीच असतो, कुत्री मात्र असतात. घरच्यांचं ऐक. त्याच ग्राउंडवर 15-20 राउंड अगदी सावकाश मार, निम्मे सरळ, निम्मे उलटे, नाहीतर एकाच बाजूचा घोटा दुखेल. मैत्रीण बरोबर घे आणि गप्पा मारत पळा. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग कमी. असं आठवड्यातून 3-4 दिवस, फुल्ल 800 एकदाच, आणि एक दिवस 48 च्या चालीने 200 चे तुकडे, मध्ये चालत विश्रांती.

माजी_पीटी_मास्तर
सावकाश पळून वेग कसा वाढणार? 800 ला 800 च पळावं लागतं.

पेशीपाशी
सावकाश पळण्याने केशवाहिन्या आणि तंतुकणिका वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. रोज फुल्ल पळून शरीर सावरायलाच वेळ मिळत नाही. दोन्ही लागतं, प्रमाणाचा प्रश्न आहे.
आणि खाकी, मुलगी आहेस म्हणून विचारते. जिना चढताना दम लागतो का? एचबी (हिमोग्लोबिन) कधी तपासलं?

खाकी_ध्येय
कॉलेजच्या शिबिरात तपासलं होतं, 9.6. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पोट बिघडलं म्हणून सोडल्या. त्याचा काय संबंध?

पेशीपाशी
अगं तोच तर संबंध! बायकांमध्ये 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. मघाशी गोण म्हणाले ना, तुझ्या गोण्या भरलेल्याच आहेत, पण संख्येने कमी. तंतुकणिकेपर्यंत ऑक्सिजन कमी पोचला की तूट लवकर पडते, पाय लवकर दगड होतात. उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, परत तपास आणि पोट बिघडतं हे डॉक्टरांना सांग, ते मात्रा किंवा गोळी बदलतील. स्वतःहून सोडू नकोस. आणि गोळीच्या आगेमागे चहा नको, लोह शोषलं जात नाही. लिंबू चालेल.

सुलूमावशी
बीट आणि खजूर खा गं पोरी.

शेणकाला
गॅसचं कुणी सांगितलं नाही.

तांबडा_पांढरा
अण्णा, थंडीत मिथेनवाले जंतू मंदावतात. पाणी कोमट करून शेण कालवा आणि वेगळा धागा काढा.

खाकी_ध्येय (9 दिवसांनी)
एचबी 9.8 निघालं, गोळी बदलून दिली, ही सोसते. काल ट्रायल झाली. पहिल्या राउंडला सगळ्या पुढे गेल्या तेव्हा रडू येत होतं, पण 48 धरून ठेवले. राउंड: 48, 49, 51, 47. एकूण 3:15. शेवटच्या राउंडला चौघींना मागे टाकलं. सर म्हणाले, "बघ, एरोबिक सुधारलं."

पेशीपाशी
शाब्बास! पण 9 दिवसांत एरोबिक एवढं सुधारत नाही आणि रक्तही वाढत नाही. 10 सेकंद नुसत्या चालीने आले. सरांना सांगू नकोस.

खाकी_ध्येय
सांगितलं. म्हणाले, पेशीपाशीला ग्राउंडवर बोलाव.
आता गोळ्याचं काय करू? 4 किलोचा आहे, मनगटातून निसटतो.

सुलूमावशी
गोळी रात्री जेवणानंतर घे, म्हणजे पोट बिघडत नाही. पण 4 किलो नसेल गं, 4 मिलीग्रॅम असेल.

खाकी_ध्येय
मावशी, गोळाफेक!